उन्हात ठेवलेलं नाव

माझ्या मानपत्रावरून माझंच नाव निघून गेलंय, हे मला सगळ्यात शेवटी कळलं. बायकोला ते वर्षभर आधीपासून माहीत होतं. "तुम्हाला दिसत असंल असं वाटलं मला," ती म्हणाली.

निवृत्तीच्या दिवशी शाळेनं दिलेलं ते मानपत्र आमच्या बैठकीत, पश्चिमेच्या खिडकीसमोर लावलेलं आहे. मजकूर सगळा छापील. नावाची जागा तेवढी मोकळी ठेवून आमच्या चित्रकलेच्या मास्तरांनी तिथं निळ्या शाईनं, वळणदार अक्षरात माझं नाव घातलं होतं. चार-पाच उन्हाळे संध्याकाळचं ऊन त्याच्यावर पडत राहिलं. आता छापील ओळी जशाच्या तशा होत्या, कडेची वेलबुट्टी होती, शिक्का होता, आणि मधोमध कोरी जागा. कुणीतरी बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, कुणीतरी विद्यार्थ्यांवर पुत्रवत प्रेम केलं, हे कळत होतं. कुणी, ते नव्हतं. मान वाकडी करून बघितलं तर काचेमागं काहीतरी पिवळसर, पुसट असल्यासारखं वाटायचं. सरळ बघितलं की काहीच नाही.

त्या कोऱ्या जागेकडं मला बघवेना. आणि मला रागही आला. मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. जालन्याहून रोज रेल्वेनं बदनापूरला जाऊन मी नोकरी केली, आणि माझ्या आवाजानं त्या शाळेचे पत्रे थरथरतात असं पोरं म्हणायची. बायको मात्र घाबरत नाही. "बरंच झालं," ती म्हणाली, "आता ज्याला पाहिजे त्याला देता येईल."

नाव परत लिहायचं हे तर नक्की. पण ते पुन्हा चार वर्षांत गेलं तर काय करायचं? कुठली शाई उन्हात टिकते, हे स्वतः तपासल्याशिवाय दौतीचं बूच काढायचं नाही, असं मी ठरवलं. शाईच्या पेनांचा नाद मला नोकरीच्या पहिल्या पगारापासूनचा. घरात दहा-बारा पेन आहेत, त्यातले निम्मे गळतात.

जुन्या जालन्यात एक म्हातारे दुकानदार आहेत. शाया विकतात, निबा सरळ करून देतात. त्यांच्या गल्ल्यापाशी एक कोरी वही असते, पेन चालवून बघायला. पेन हातात घेतला की माणूस दुसरं काही लिहीतच नाही, स्वतःचं नाव लिहितो. ती वही नावांनी भरलेली असते. एकावर एक, आडवी, तिरकी, मराठी, उर्दू, इंग्रजी. भरलेल्या वह्या ते रद्दीत घालत नाहीत. आतल्या खोलीत गोणीत भरून ठेवतात. मी एकदा कारण विचारलं होतं तर म्हणाले, "लोगां के नामां हैं मास्तर, तोल के कैसे बेचना?"

त्या दिवशी मी पाच दौती घेतल्या. लाल, हिरवी, काळी, धुतली की निघणारी निळी, आणि जुन्या पद्धतीची निळीकाळी, जी कागदाला चिकटली की कागद फाटेपर्यंत सोडत नाही म्हणतात. कशासाठी, ते त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "लिखेंगे क्या?"

"नाव. आणखी काय?"

त्यांचा दौत गुंडाळणारा हात थांबला. "कायको? पहाडे लिखो. अलिफ-बे लिखो. नाम को धूप में नक्को डालो मास्तर."

मी हसलो. विज्ञानाला नाव काय आणि पाढा काय, दोन्ही सारखेच, असं काहीसं बोललो. त्यांनी दौती वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या.

प्रयोग सरळ होता. एकाच कागदाच्या पट्ट्या कापायच्या, प्रत्येक पट्टीवर एका शाईनं एक नाव लिहायचं, नावाच्या डाव्या अर्ध्या भागावर काळ्या कागदाची पट्टी चिकटवायची, उजवा अर्धा भाग उन्हाला मोकळा ठेवायचा. म्हणजे शेवटी झाकलेला आणि उघडा, दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. वर काच ठेवायची नाही, काच थोडं ऊन खाते. हात वेगवेगळे असले तर शाई कमीजास्त उतरते, म्हणून एकट्या माझ्या अक्षरावर भागायचं नव्हतं. बायकोला बसवलं. तिनं चार शायांनी नाव लिहिलं आणि लाल दौत बाजूला सरकवली. "लाल शाईनं नाव लिहीत नसतात," म्हणाली, आणि लाल शाईनं 'जिरे' असं लिहून उठून गेली. किराण्याच्या यादीत राहिलं होतं म्हणे.

मग मायला बसवलं.

माझी माय ऐंशीच्या पुढची. परतूर तालुक्यात आष्टीच्या जवळ आमचं खेडं. वडील सरकारी खात्यात शिपाई होते. ते गेल्यापासून ती आमच्याकडं जालन्यात असते. तिला लिहायला एकच गोष्ट येते, ती म्हणजे तिचं नाव. तीन अक्षरं. ते मी तिला शिकवलं. मी पाचवीत असताना रेशनच्या दुकानात तिचा अंगठा घेतला होता, तेव्हा रांगेतला कुणीतरी 'अंगठेबहाद्दर' म्हणून हसला. घरी येऊन ती मोरीत बसली आणि राखेनं अंगठा घासत राहिली. जांभळी शाई निघेना तेव्हा विटकरीच्या तुकड्यानं घासला. रक्त आलं तेव्हा थांबली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाटीवर तिचं नाव लिहिलं आणि तिचं बोट धरून गिरवून घेतलं. महिनाभर ती बोट जिभेला लावून पाटीवर ते नाव गिरवत होती. तेव्हापासून तिनं कुठंही अंगठा दिलेला नाही. रेशन असो, मतदान असो, वडिलांचे मृत्यूनंतरचे कागद असोत, ती पेन मागून घ्यायची आणि सही करायची. मागं कितीही रांग असली तरी शेवटच्या अक्षराची शेपटी नीट वळल्याशिवाय पेन परत द्यायची नाही.

त्या दिवशी तिला खूप वेळ लागला. धुतली की निघणारी निळी शाई भरलेला पेन दिला होता. पहिलं अक्षर काढलं, दुसऱ्याच्या मध्यावर थांबली. पेन उचलून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं शाई उतरत नाही. "चालव, चालव, उतरतीय," मी म्हणालो. तिनं बाकीचं काढलं. पाटीवर लिहितात तसं दाबून, कागदाच्या पाठीमागं उमटेपर्यंत. "माय, दाबू नको, निब फाकंल," मी ओरडलो. शेवटी वरची रेघ ओढून तिनं पेन ठेवला आणि हाताची मूठ करून पदरात घेतली. बाकीच्या चार शायांसाठी मी तिला पुन्हा बसवलं नाही. कुणाला एवढा वेळ आहे, असं वाटलं मला.

वैशाख होता. पट्ट्या एका प्लायवूडच्या फळीवर चिमट्यांनी लावल्या आणि फळी गच्चीवर, उतरती करून, दक्षिणेला तोंड करून ठेवली. शेजारी बायकोच्या कुरडया वाळत होत्या. बायको म्हणाली, "तुमचंही वाळवण झालं म्हणा. आता तळायचं कधी?" मायला मी सगळं समजावून सांगितलं. ऊन शाई कशी खातं, काळ्या कागदाखाली ती कशी सुरक्षित राहते, आणि काळ्या कागदाला कुणी हात लावायचा नाही. तिनं लक्ष देऊन ऐकलं.

"म्हंजी ऊन लावलं की शाई जाती?"

"जाते."

"समदी?"

"काही लवकर, काही उशिरा."

रोज दुपारी चार वाजता मी वर जाऊन वहीत नोंद करायचो. पहिल्या दोन दिवसांत लाल विटली. बायकोचं जिरं गुलाबी झालं. हिरवी तिसऱ्या दिवशी पिवळट पडू लागली. काळी आणि निळीकाळी मख्खपणे तशाच होत्या. निळी हळूहळू उतरत होती, माझी आणि बायकोची अगदी बरोबरीनं. हे सगळं पुस्तकातल्यासारखं चाललं होतं.

मायची पट्टी मात्र तसं वागेना. पाचव्या दिवशी ती माझ्या निळ्या पट्टीपेक्षा पुष्कळ फिकी दिसली. शाई तीच, दौत तीच, पेन तोच. उलट मायनं दाबून लिहिलेलं, शाई जास्त उतरलेली, म्हणजे ती उशिरा जायला हवी. मी पट्ट्यांच्या जागा बदलल्या. वाटलं, त्या कोपऱ्यात भिंतीचं ऊन परत फिरून येत असेल. सहाव्या दिवशी ती आणखी फिकी. आठव्या दिवशी काळ्या कागदाच्या बाहेर मायच्या नावाचं काहीही उरलं नव्हतं. माझं नाव अजून वाचता येत होतं, बायकोचं येत होतं. मायचं तेवढं गेलं होतं.

मी वहीत लिहिलं, 'कारण समजत नाही.' नोकरीत हे वाक्य मी कधी कुणाला लिहू दिलं नव्हतं.

रोज संध्याकाळी माय विचारायची, "माझं हाय का अजून?" आठव्या दिवशीही विचारलं. मी चप्पल काढता काढता म्हणालो, "तुझं सगळ्यांच्या आधी गेलं बघ." थट्टेत म्हणालो. तिनं समोरचा चहा बशीत ओतला, आणि तो तसाच राहिला. बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की मी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं.

नंतर स्वयंपाकघरात बायको मायबद्दल हळू आवाजात म्हणाली, "आत्याबाईंनी आज चहात मीठ घातलं. परवा पण घातल्तं. काल मला तीनदा विचारलं, आज वार कोणता म्हणून."

"वय झालं," मी म्हणालो.

"ते मला पण कळतं."

नवव्या दिवशी मी चारची वाट बघितली नाही. कुणीतरी फळीला हात लावत असणार, असा संशय आला होता. कुणी, ते कळत नव्हतं. गच्चीचं दार आतून कडी लावून बंद असतं, आणि आजूबाजूच्या गच्च्या अशा नाहीत की कुणी उडी मारून यावं. बारा वाजून गेल्यावर वर गेलो. ऊन मी म्हणत होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कुठं टीव्ही नाही, भांड्यांचा आवाज नाही, कुत्रीसुद्धा गाड्यांखाली शिरून पडलेली. कडी काढलेली होती.

गच्ची रिकामी होती. फळी जागेवर, चिमटे जागेवर, कुरडया जागेवर. आणि फळीच्या पुढं, सिमेंटवर, दोन ओली पावलं.

टाचा माझ्याकडं, बोटं फळीकडं. लहान पावलं, अनवाणी. दारापासून तिथपर्यंत एकही पाऊल नव्हतं. तिथून परत येणारं नव्हतं. जिथं उभं राहून फळीवरचं वाचता येईल, बरोबर तिथं ती दोनच होती. मी बघत असतानाच ती कडेकडेनं आटू लागली. आधी बोटं गेली, मग टाच, मधला भाग थोडा वेळ काळा राहिला, मग तोही गेला. मी खाली वाकून तिथं हात लावला. जमीन तव्यासारखी तापलेली होती. कधी कुणी तिथं उभं होतं असं म्हणायला काही उरलं नव्हतं.

मला भीती वाटली. साठीच्या पुढचा माणूस, आयुष्यभर पोरांना भुतं नसतात हे शिकवलेला, आणि भर दुपारच्या उन्हात माझ्या पाठीवरून काटा सरकत गेला. मनात एकच आलं. त्या म्हाताऱ्या दुकानदारानं सांगितलं होतं, नाव उन्हात घालू नको. आणि मी माझ्या मायचं घातलं होतं, आणि कुणीतरी येऊन ते वाचत होतं, आणि ते संपलं होतं.

खाली आलो. माय कूलरपुढं आडवी झाली होती, डोळे मिटलेले. मी तिचा श्वास चालतो का ते बघितलं. खोटं कशाला सांगू, वाकून बघितलं.

"काय रे?" ती डोळे न उघडता म्हणाली.

"वर कुणी गेल्तं का ग माय?"

"बाराच्या वख्ताला वर कोण जातंय बाबा? त्या टायमाला काही चांगलं नसतंय." आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी मी साडेअकरालाच वर गेलो आणि पाण्याच्या टाकीच्या मागं, हातभर सावलीत, डोक्याला पंचा गुंडाळून बसलो. बायकोला सांगितलं नव्हतं. तिनं मला वेड्यात काढलं असतं. अर्धा-पाऊण तास काही झालं नाही. टाकीतलं पाणी मधूनच आवाज करायचं. लांब एमआयडीसीतल्या कारखान्यांवर धूर उभा होता, हलत नव्हता. फळीवरच्या पट्ट्या वाऱ्याशिवायच कडेनं वळल्या होत्या, आणि मला सारखं वाटत होतं की मी डोळे मिटले की त्या सरळ होतात.

मग दाराचा आवाज झाला. अगदी हळू, आवाज होऊ नये म्हणून कुणी उघडतं तसा.

माय होती. पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला, हातात तांब्या. दारातच तिनं पायांवर पाणी घेतलं आणि जमीन चटकत असूनही लगबग न करता फळीपर्यंत आली. तिथं उरलेलं पाणी आधी जमिनीवर, मग पायांवर ओतलं, आणि त्या ओल्यात उभी राहिली. भोवतीचं पाणी बघता बघता आटलं, ओल राहिली ती पावलांखाली तेवढी. ती मला दिसत होती तरी माझ्या अंगावरचा काटा जाईना. तिच्या तोंडावर मी कधी न बघितलेलं काहीतरी होतं. परक्याच्या घरात आल्यासारखी ती इकडं तिकडं बघत होती.

तिनं बोट जिभेला लावलं. वाकली. आपल्या पट्टीवर, काळ्या कागदाच्या सुरुवातीपासून बोट फिरवायला लागली. काळ्या कागदावर बोट सरसर चाललं. खाली काय आहे ते दिसत नव्हतं तरी पहिलं अक्षर काढलं, दुसऱ्याचा अर्धा भाग काढला. मग काळा कागद संपला. पुढं पांढरी पट्टी होती. बोट थांबलं. तिचे ओठ हलत होते. तिनं बोट पुन्हा जिभेला लावलं आणि पुन्हा पहिल्यापासून आली, आणि पुन्हा तिथंच थांबली. तिसऱ्यांदा तिनं तो पांढरा भाग चाचपला, अंधारात भिंतीवर बटण शोधतात तसा.

मायच्या पट्टीचं कोडं सुटलं होतं. ओलं बोट आणि धुतली की निघणारी शाई. रोज दुपारी, आठ दिवस.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी टाकीमागून उठलो आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे: "माय, सगळा प्रयोग नासवलास की!"

तिच्या हातातला तांब्या पडला. तो गडगडत कठड्यापर्यंत गेला. तिनं बोट चटकन पदराला पुसलं, चोरी पकडल्यासारखं, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "पुसलं व्हय रे? म्या गिरवू राह्यले होते नुसतं."

"कशाला?"

"मला पुढलं येईना गेलंय." मग थोडं थांबून, "लिवलं त्या दिशीच येईना गेल्तं. तू म्हन्लास चालव, म्हनून कसंतरी काढलं. ते बराबर आलं का नाही ते बघाया येते. हात सांगंल म्हनलं, तर हाताला बी न्हाई." तिचा आवाज साधा होता. "काळा कागद म्या उचलला न्हाई. तू न्हाई म्हन्ला होतास."

ऐन बाराच्या उन्हात आम्ही दोघं उभे होतो. तिच्या पायाखालचं पाणी आटलं होतं आणि ती एका पायावरून दुसऱ्यावर होत होती, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिला चटके बसतायत. मी तिला धरून सावलीत आणलं. त्या क्षणी मला माझी लाज वाटली, आणि ती अजूनही गेलेली नाही.

तिनं शेवटचं लिहिलेलं नाव मी उन्हात ठेवलं होतं. ते शेवटचं आहे हे तिला माहीत होतं. ते मला ओळखता आलं नाही.

फळी मी खाली आणली. नंतर दोन-तीनदा वही आणि पेन तिच्यापुढं ठेवून बघितला. "उगं कशाला," म्हणून ती उठून जायची. मी कागदावर नाव लिहून, तू गिरव म्हटलं, तर हसली. "तवाचं येगळं व्हतं. तवा मला ते येत नव्हतं." मी त्याचा अर्थ विचारला नाही. प्रयोगाचं म्हणाल तर निळीकाळी टिकली. पावसाळाभर ती दौत माझ्या टेबलावर होती. मानपत्रावरची जागा मी तशीच कोरी ठेवली.

दिवाळीनंतर, नोव्हेंबरात, मायचा हयातीचा दाखला द्यायचा असतो. वडिलांच्या मागं तिला जी पेन्शन मिळते तिच्यासाठी, ती जिवंत आहे, हे वर्षातून एकदा बँकेत जाऊन दाखवायचं. दरवर्षी ती त्या दिवशी नवी साडी नेसते आणि फॉर्मवर सही करते. यंदा तिथं मशीन आलं होतं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, अंगठा ठेवा." मायनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, आता सगळ्यांनाच ठेवावा लागतो, शिकलेल्यांना पण, शाई नसते त्याला. तिनं ठेवला. मशीननं घेतला नाही. दुसऱ्या हाताचा घेतला नाही. सगळी बोटं झाली. मुलीनं बोटं रुमालानं पुसून परत ठेवली. "रेषाच उमटत नाहीत," ती म्हणाली. "झिजल्यात. असू द्या, कागदावर सही करा."

मी खिशातला पेन काढला. त्यात निळीकाळी भरलेली होती. काही झालं तरी न जाणारी. का भरून आणली होती, ते मलाही नीट सांगता येत नाही.

मायनं पेन धरला. मागं रांग होती, पण तिनं घाई केली नाही. पहिलं अक्षर आलं, दाबून, जुन्या वळणाचं. दुसरं सुरू झालं. दुसऱ्याच्या मध्यावर पेन थांबला. ती जागा मी कुठंही ओळखली असती. पट्टीवर काळ्या कागदाखाली जेवढं राहिलं होतं, तेवढंच, तिथपर्यंतच. एका रेषेनं कमी नाही, एका रेषेनं जास्त नाही.

याचं कारण आहे, आणि ते मी स्वतःला सांगतो. तिला पुढचं आधीच येत नव्हतं, म्हणून तर ती ते गिरवत होती. काळा कागद मी मोजून अर्ध्यावर लावला होता, आणि तिची आठवणही अर्ध्यावर तुटली, हा योगायोग. पण त्या काउंटरपाशी हात पाय गार पडले, ते पडलेच.

"पुढं काय हाय रे?" तिनं मला हळूच विचारलं.

मी पुढचं अक्षर सांगितलं. तिनं मान हलवली, पण हात हलला नाही. मी कानात पुन्हा सांगितलं. मी तिचा हात धरणार होतो, तेवढ्यात मुलगी म्हणाली, धरून चालत नाही काका. मग तिनं नवा फॉर्म काढला आणि जांभळ्या शाईची गादी पुढं सरकवली. मायनं ती गादी बघितली. मला वाटलं ती उठेल. तिनं डावा हात पुढं केला आणि मुलीला म्हणाली, "घे बाई, लाव."

अर्धं नाव लिहिलेला कागद मुलगी फाडणार होती. तो मी मागून घेतला. तो कपाटात, कपड्यांच्या खाली आहे. तिथं ऊन येत नाही.

रिक्षानं घरी आल्यावर मायनं साबणानं हात धुतले, मग भांड्यांच्या घासणीनं अंगठा घासायला लागली तेव्हा बायकोनं घासणी काढून घेतली. जेवण झाल्यावर माय दिसेना. मी वर गेलो.

माय गच्चीवर होती. थंडीचं कोवळं ऊन होतं. तिनं चटई नेमकी तिथं टाकली होती, जिथं उन्हाळ्यात फळी होती. दक्षिणेला तोंड करून बसली होती, पदर डोक्यावर, आणि डावा हात समोर धरून अंगठा उन्हात उभा केला होता. जांभळा, काळपट. हात भरून आला की ती त्याला उजव्या हाताचा आधार द्यायची.

मी शेजारी बसलो. आम्ही दोघं त्या अंगठ्याकडं बघत होतो.

"ही शाई किती दिसात जाईल रे?" तिनं विचारलं. "तू वहीत लिवलंय ना समदं."

ती शाई माझ्या वहीत नव्हती. "आठ दिवस," मी म्हणालो.

"मंग बसते आठ दिस," ती म्हणाली, आणि ऊन थोडं सरकलं होतं म्हणून अंगठा तिकडं वळवला.